अपघाताचा क्लेम : दुखापत कोणती, त्यावरून होणाऱ्या या चुका टाळा

पक्षकार पहिल्यांदा ऑफिसात येतो तेव्हा हातात बहुधा एक कापडी पिशवी असते. आत एक्स-रेची मोठी पाकिटं, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलच्या पावत्या, आणि सगळ्यात वर, घडी मोडणार नाही अशा बेताने ठेवलेलं अपंगत्वाचं सर्टिफिकेट. खुर्चीत बसायच्या आत प्रश्न येतो, "मॅडम, ४० टक्के आहे. किती मिळतील?"

निम्मा घोळ या प्रश्नातच आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जखमेचे पैसे देत नाही. जखमेपायी खर्च किती झाला, कमाई किती बुडाली, पुढे किती बुडणार आणि रोजच्या जगण्यातलं काय गेलं, याचे देतं. त्यामुळे तोच पाय, तिथेच मोडला, तरी दोन माणसांचे आकडे वेगळे निघतात. आणि दुखापतीच्या प्रकारानुसार पुरावाही बदलतो, हे तर फार कमी जणांच्या लक्षात येतं.

सर्टिफिकेटवरच्या टक्क्यांना रकमेचे टक्के समजणं

राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा मुद्दा सोडवून ठेवला आहे. निकालातलं उदाहरण असं : डावा हात कापावा लागला, शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के. माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाईची ताकद जवळजवळ १०० टक्के गेली. तोच सरकारी नोकरीतला कारकून असेल, तर नोकरी टिकूही शकते. मग भविष्यातल्या कमाईच्या खात्यात कमी मिळेल, पण जगण्यातला आनंद आणि सोयी गमावल्याच्या खात्यात जास्त मागता येईल.

आणखी एक गोष्ट त्याच निकालात आहे. सर्टिफिकेटवर 'उजवा पाय, ४५ टक्के' असं असेल तर ते त्या पायाचं अपंगत्व झालं, अख्ख्या शरीराचं नव्हे. हाताचे ६० आणि पायाचे ८० मिळून १४० होत नाहीत. डॉक्टरांकडून संपूर्ण शरीराचा आकडा वेगळा लिहून घ्या, नाहीतर विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत तो बरोबर काढून घेतात, आणि तो त्यांच्या सोयीचा असतो.

एका गवंड्याची केस सांगते. मनगट मोडलं होतं, हाड जुळलं पण किंचित वाकडं. सर्टिफिकेटवर टक्के कमीच होते. अर्जात आधीच्या कोणीतरी 'व्यवसाय : मजुरी' एवढंच लिहिलेलं. मी त्याला विचारलं, नक्की काय जमत नाही? त्याने टेबलावरची फूटपट्टी थापीसारखी धरली आणि माल भिंतीवर मारतो तशी फिरवायला गेला. हात अर्ध्यात अडकला. तळवा वर होईना. वजन उचलता येत होतं, पाटी वाहता येत होती. प्लास्टर करता येत नव्हतं. म्हणजे मिस्त्रीचा बिगारी झाला होता, आणि रोजही बिगाऱ्याचाच मिळत होता. आम्ही अर्जात दुरुस्ती केली आणि मुकादमाला साक्षीला उभं केलं. डॉक्टरांच्या आकड्याइतकीच ती साक्ष महत्त्वाची ठरली.

हिशेब करून बघा. वय ३२, कमाई महिना १८,००० रुपये, स्वतःचं काम. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जोडले जातात, म्हणजे २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वर्षाची कमाई कितीने गुणायची, तो गुणक वयावरून ठरतो; त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. गुणून येतात ४८,३८,४००. आता कामाच्या दृष्टीने अपंगत्व २० टक्के धरलं तर ९,६७,६८०, आणि ५० टक्के धरलं तर २४,१९,२००. जखम तीच. साडेचौदा लाखांचा फरक पडतो तो काम नीट सांगितलं की नाही, यावरून.

हाड : रॉड बसला, आता मिटवून टाकू

फ्रॅक्चरच्या केसमध्ये घाई नडते. लोकअदालतीची तारीख लागते, विमा कंपनी एक आकडा सांगते, घरात कर्ज झालेलं असतं. सही होते. वर्षभराने प्लेट काढायचं ऑपरेशन निघतं, किंवा हाड जुळलंच नाही म्हणून बोन ग्राफ्ट (फटीत हाड भरण्याचं ऑपरेशन) करावं लागतं, आणि तो खर्च मागायची वाट बंद झालेली असते. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील होत नाही. तडजोड वाईट असते असं माझं म्हणणं नाही. कित्येकदा मीच करायला सांगते. पण सही करण्याआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून पुढच्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च लेटरहेडवर घ्या. कायमच्या अपंगत्वाचं सर्टिफिकेटही उपचार संपून अवस्था स्थिरावल्यावर काढा. प्लास्टर असताना काढलेल्या सर्टिफिकेटला कोर्टात कोणी विचारत नाही.

आणि सर्टिफिकेट कोणाचं? शक्यतो ज्याने ऑपरेशन केलं त्याचंच, किंवा सरकारी मेडिकल बोर्डाचं. एकदाही उपचार न केलेल्या डॉक्टरचं सढळ हाताने दिलेलं सर्टिफिकेट न्यायाधीशांच्या लगेच लक्षात येतं. शिवाय नुसता कागद दाखल करून भागत नाही, डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं. ते तयार आहेत का, हे आधी विचारून ठेवा.

डोकं : टाके निघाले म्हणजे बरा झाला

सगळ्यात जास्त नुकसान मी इथे पाहिलं आहे. डोक्याची जखम भरते, केस उगवतात, माणूस चालतो-बोलतो. आठ महिन्यांनी बायको सहज बोलून जाते, "आता दुकानात बसवत नाही त्यांना. सुट्टे देताना चुकतात, गिऱ्हाइकावर ओरडतात." आणखी विचारलं की कळतं, दूध करपलं तरी वास येत नाही, गॅस चालू राहिला तरी समजत नाही. डोक्याला जोरात मार बसल्यावर वासाची जाणीव जाऊ शकते, स्वभाव बदलू शकतो, महिन्यांनी फिट येऊ शकते. पण हे सगळं घरातच राहतं. ओपीडीच्या कागदावर तीन वेळा एकच ओळ असते : 'तक्रार नाही.'

कारण पेशंट स्वतः सांगत नाही. बदललाय हे त्याला उमगतच नाही. म्हणून फॉलोअपला घरातल्या कोणीतरी आत जावं आणि विसरभोळेपणा, चिडचिड, झोप, वास, चक्कर यातलं जे असेल ते डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्यावं. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून स्मरणशक्ती आणि एकाग्रतेच्या चाचण्या करून घ्याव्यात. सीटी स्कॅन नॉर्मल असला तरी हे रिपोर्ट बोलतात.

गंभीर केसमध्ये सोबतीच्या माणसाचा खर्च मागायला लोक विसरतात, किंवा संकोचतात. "आईच बघते, तिचे काय पैसे लावायचे?" लावायचे. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या निकालातली मुलगी अपघाताच्या वेळी १२ वर्षांची होती, मेंदूच्या इजेमुळे कायमची परावलंबी झालेली. सर्वोच्च न्यायालयाने सोबतीच्या खर्चालाही गुणकाची पद्धत लावली आणि एकूण भरपाई ६२,२७,००० रुपयांवर नेली.

मान, कंबर, मुका मार

एक्स-रेत काही दिसत नाही, तेव्हा दोन टोकाच्या चुका होतात. काही जण क्लेमच करत नाहीत. काही जण तिळाचा ताड करतात. पहिल्यांना सांगते : फ्रॅक्चर किंवा दात पडणं ही कायद्याने 'गंभीर दुखापत' आहेच, पण ज्या दुखापतीने माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा रोजचे व्यवहार करू शकत नाही, तीही त्यात मोडते. भारतीय न्याय संहितेच्या आधी हे दिवस २० होते. एमआरआय, फिजिओथेरपीच्या नोंदी आणि कामावरच्या रजेचा दाखला जपला तर क्लेम उभा राहतो, रक्कम मात्र माफक असते. दुसऱ्यांना एवढंच सांगते की विमा कंपनीचे तपासनीस फेसबुक बघतात. कंबर वाकत नाही म्हणून शपथपत्र केलं आणि गणपतीत कमरेला ढोल बांधलेला फोटो टाकला, की खरी असलेली दुखापतही कोणी खरी मानत नाही.

चेहऱ्यावरचे व्रण हा वेगळा विषय. जखम ओली असतानाचे, टाक्यांचे आणि सहा महिन्यांनंतरचे, असे तारखेसकट फोटो ठेवा. अवयव गेला असेल तर कृत्रिम पाय आयुष्यात एकदाच घेऊन पुरत नाही; दर काही वर्षांनी बदलण्याचा आणि दुरुस्तीचा खर्चही अर्जात मागा.

'कमाई : काही नाही'

गृहिणीच्या अर्जात हे तीन शब्द दिसले की मला राग येतो. सकाळी पाचपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईचा खुबा मोडला, घरात स्वयंपाकाला बाई लावावी लागली, आणि अर्जात काय, तर काही नाही. गृहिणीच्या कामाचं मोल मानीव उत्पन्न, म्हणजे पगार नसला तरी गृहीत धरलेली कमाई, धरून करायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात पुन्हा बजावलं आहे. शेतीवर राबणारी असेल तर सातबारा तिच्या नावावर नसला तरी तिचं काम लिहा. लावलेल्या बाईच्या पगाराची वहीतली नोंदसुद्धा उपयोगी पडते.

पहिल्या रात्रीचा जबाब

पोलिसांचं लफडं नको म्हणून कोणीतरी कॅज्युअल्टीत सांगतं, "गाडीवरून घसरून पडला." डॉक्टर तेच लिहितात. महिन्याने एफआयआरमध्ये टेम्पो उगवतो. दुखापत कोणतीही असो, ही एक ओळ अख्खा क्लेम बुडवू शकते. जे घडलं तेच सांगा, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, होऊ द्या.

मुदतही बघा. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अर्ज तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो, अपघात नगरला झाला म्हणून सांगलीहून तिकडे खेपा घालायची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, मात्र ती रक्कम स्वीकारली की चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायचा कलम १६६ चा मोठा दावा संपतो. घोट्याचं साधं फ्रॅक्चर असेल तर घ्या. डोक्याला किंवा मणक्याला मार असेल तर आधी वकिलाशी बोला. ठोकर मारून गाडी पळाली आणि नंबर मिळालाच नाही, तर हिट अँड रनचे ५०,००० गंभीर दुखापतीला मिळतात. तो अर्ज कोर्टात नाही, प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा.

मेडिक्लेम मिळाला म्हणून इथले औषधांचे पैसे सोडून देऊ नका. ती रक्कम भरपाईतून वजा होणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलं आहे. मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे देण्याआधी प्रती काढून घ्या. आणि मेडिकलच्या त्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांची पिशवीत ठेवण्याआधीच झेरॉक्स काढा. उन्हाळ्यात चार महिने कपाटावर पडलेली अशी एक पिशवी मी उघडली होती. आत शंभरेक पावत्या होत्या, आणि सगळ्या कोऱ्या.