नोकरी सांभाळून पर्यावरण नियोजन शिकताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी दहाच्या वर्गाला येणारी मंडळी पाहिली की मला भरून येतं. कुणी ग्रामसेवक, कुणी नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता, कुणी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई, कुणी रात्रपाळी संपवून थेट एसटी स्टँडवरून आलेला. पर्यावरण नियोजन आणि नैसर्गिक संसाधनांचं व्यवस्थापन अशाच लोकांनी शिकावं असं मला मनापासून वाटतं. ओढ्याच्या काठावर बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, हे उद्या यांच्याच टेबलावर ठरणार आहे. मी स्वतः जलसंधारणाची नोकरी करत हा अभ्यासक्रम पुरा केला आणि आता अशा वर्गांना प्रकल्पाचं मार्गदर्शन करतो. हुशार माणसांचं घोडं बहुधा दोन ठिकाणी अडतं, वेळापत्रकात आणि मोजमापात.

तासांचा हिशेब न करता प्रवेश घेणं

इग्नूच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. म्हणजे ३२ श्रेयांकांची पदविका ९६० तासांची झाली. वर्षभरात संपवायची तर आठवड्याला साधारण साडेअठरा तास. रोज दोन तास आणि रविवारचा बहुतेक दिवस, तेही दिवाळी, लग्नसराई आणि मार्चअखेर धरून. हे गणित प्रवेश अर्ज भरण्याआधी घरच्यांसमोर बसून करा. जमणार नसेल तर पहिल्याच दिवशी दोन वर्षांचा आराखडा करा, त्यात काहीच कमीपणा नाही. गृहपाठ शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ते वेळेत जमा झाले नाहीत तर सत्रांत परीक्षेला बसणंच अडचणीत येतं.

प्रकल्पाचा विषय पावसाला न विचारता ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. कॉलेजचं वर्ष आणि निसर्गाचं वर्ष एकमेकांशी जुळत नाही. जूनची सत्रांत परीक्षा आणि मृगाचा पाऊस एकाच वेळी येतात. पोरं परीक्षेत अडकलेली असतात, आणि जे मोजायचं ते बाहेर वाहून जात असतं. मग डिसेंबरात विषय ठरतो, ‘आमच्या गावच्या ओढ्याचा प्रवाह आणि मातीची धूप’. फेब्रुवारीत वही घेऊन जावं तर ओढ्यात फक्त गोटे.

माझं सांगणं असं, की प्रवेश घेतल्याच्या महिन्यातच विषयाचा कच्चा कागद करा आणि त्यावर बारा महिने लिहा. कोणत्या महिन्यात काय दिसतं? मे अखेरीस विहिरींची पातळी सर्वांत खाली असते, ऑक्टोबरात पावसाळ्यानंतरची पातळी मिळते. या दोन नोंदींमधला फरक हा भूजलाच्या कुठल्याही प्रकल्पाचा कणा आहे. ऑक्टोबर हुकला तर तो पुढच्या वर्षीच येणार. धूप बघायची असेल तर जून-जुलैचे पहिले मोठे पाऊस हवेत, कारण तेव्हा शिवारात अजून हिरवं आच्छादन आलेलं नसतं.

हंगाम आधीच हुकला असेल तर आकडे अंदाजाने भरू नका. प्रश्न बदला. कोरड्या ओढ्यातही पुष्कळ वाचता येतं. बंधाऱ्यामागे गाळ किती साचला, काठ कुठे ढासळलेत, कातळावर पुराची खूण किती उंचीवर आहे, वाळू कुठून उपसली आहे. ‘प्रवाह’ हा विषय ‘बंधाऱ्यातला गाळ आणि घटलेली साठवण’ असा वळवला, तर उन्हाळाच तुमचा हंगाम होतो.

पावसाच्या आकड्यांबद्दल एक बारीक गोष्ट. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १५ जुलैच्या नावावर नोंदवलेला पाऊस हा १४ तारखेच्या सकाळी साडेआठपासूनचा असतो. ओढ्याची नोंद आणि पावसाची नोंद एकाच तारखेची घेऊन आलेख काढला, की पूर पावसाच्या आधीच आल्यासारखा दिसतो. मग विद्यार्थी गोंधळून सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतात.

विहिरीची पातळी कठड्यावरून मोजणं

आमच्या एका वर्गात एक ताई होत्या. पंचायत समितीत नोकरी, घरी दोन मुलं, तरीही त्यांनी ऐन उन्हात २२ विहिरी मोजल्या. टेपच्या टोकाला वजन बांधून पाण्यापर्यंत सोडायचं आणि आकडा लिहायचा, इतकं नेटकं काम. पण नकाशावर पातळीच्या रेषा काढल्या तर पाणी टेकडीकडे चढतंय असं दिसायला लागलं. त्या इतक्या खचल्या की विषयच बदलू म्हणाल्या.

आम्ही दोघं त्यांच्या दोन विहिरींवर जाऊन उभे राहिलो. पहिलीला कठडा नव्हता, टेप जमिनीपासूनच सोडला होता. दुसरीला नवा सिमेंटचा कठडा, चांगला मांडीइतका उंच, आणि टेप त्याच्या माथ्यावरून सोडलेला. एकीचा आकडा जमिनीपासूनचा, दुसरीचा कठड्यापासूनचा. त्यातच एका शेतकरी काकांनी सहज सांगितलं, ‘ताई, तुम्ही दुपारी आलात तेव्हा मोटर नुकतीच बंद केली होती.’ म्हणजे ती पातळी उपशानंतर खाली गेलेली होती.

उपाय दोन दिवसांत झाला. प्रत्येक कठड्याची उंची मोजून वजा केली. उपसा चालू असलेल्या सहा विहिरी पहाटे, मोटर सुरू होण्याआधी पुन्हा मोजल्या. मग प्रत्येक ठिकाणच्या जमिनीच्या उंचीतून पाण्याची खोली वजा केली, कारण रेषा खोलीच्या काढायच्या नसतात, पाण्याच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या काढायच्या असतात. नवा नकाशा आला तेव्हा पाणी टेकडीकडून ओढ्याकडे उतरत होतं. नोंदवहीत विहिरीच्या प्रत्येक ओळीत चार रकाने ठेवा: तारीख-वेळ, टेपचा आकडा, कठड्याची उंची आणि शेवटचा उपसा कधी झाला.

शेतकऱ्याशी बोलताना ‘भूजल पातळी किती’ असं विचारू नका. ‘पाणी किती परसावर (एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीइतकी खोली) लागलं, उन्हाळ्यात मोटर किती तास चालते’ असं विचारा. मुरूम कुठवर आहे, कातळ कुठे लागला, झिरपा कोणत्या अंगाला आहे, हे विहीर खणणाऱ्या माणसाला तोंडपाठ असतं. त्याचे शब्द आहेत तसे वहीत उतरवा.

नकाशात अंश आणि मीटर यांची गल्लत

क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं आहे, आणि रात्री अकरानंतर एकट्याने शिकताना फार छळतं. नेहमीची तक्रार अशी: ‘सर, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना १०० मीटरचा पट्टा काढला तर सगळा पडदा एकाच रंगाचा झाला.’ तुमचा थर (लेयर) अक्षांश-रेखांशात, म्हणजे ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या पद्धतीत आहे. तिथे १०० म्हणजे १०० अंश.

थर यूटीएम पद्धतीत न्या, तिथे अंतर मीटरमध्ये मोजलं जातं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, अमरावती यांच्यासाठी विभाग ४३, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. रेखांश ७८ अंशांच्या पूर्वेला गेलात, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, की विभाग ४४, ईपीएसजी ३२६४४. पुण्याच्या वर्गात शिकून गडचिरोलीचा प्रकल्प करणारे इथे हमखास चुकतात.

दुसरा सापळा त्याहून वाईट. थराला नुसता नवा क्रमांक चिकटवायचा नसतो, थर ‘रीप्रोजेक्ट’ करून, म्हणजे त्यातले आकडेच नव्या पद्धतीत बदलून, नव्या नावाने साठवायचा असतो. नुसता क्रमांक बदलला तर आकडे तेच राहतात, फक्त त्यांना मीटर समजलं जातं, आणि तुमचं गाव विषुववृत्तावर हिंदी महासागरात जाऊन पडतं. गाव नाहीसं झालं की घाबरू नका. जुना क्रमांक परत द्या आणि मग रीप्रोजेक्ट करा.

माळरानाला ‘पडीक’ म्हणणं

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण ही चूक कागदावरून जमिनीवर उतरते. उपग्रहाच्या चित्रात एप्रिलमधलं माळरान करडं दिसतं. विद्यार्थी त्यावर ‘पडीक जमीन’ असा शिक्का मारतात आणि शिफारस लिहितात, वृक्षलागवड. दहातल्या सात अहवालांत ही शिफारस मी वाचतो आणि मला दर वेळी वाईट वाटतं. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या पूर्वेकडचे तालुके, इथली माळरानं हे कमी पावसाचं, गवताचं, स्वतःच्या हक्काचं निसर्गरूप आहे. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल तिथे राहतात. माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात १९७९ साली अभयारण्य झालं ते याच गवतासाठी. धनगरांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या याच कुरणांवर चरतात. तिथे ओळीने खड्डे खणून झाडं लावली की गवत जातं, पक्षी जातो आणि मेंढपाळाची वाटही बंद होते.

शिफारस लिहिण्याआधी त्या गायरानावर दोनदा जा, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये. कोण गुरं आणतं, कोण सरपण नेतं, कुठल्या खळग्यात पाणी थांबतं, हे विचारा. जमिनीचा वापर लिहिताना ‘पडीक’ हा शब्द महसुली नोंदीतला असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि शेजारी प्रत्यक्ष वापर लिहा.

याच प्रकारची गफलत हिवरे बाजारच्या बाबतीत होते. अहवालात समतल चर, बंधारे, पाझर तलाव यांची यादी येते आणि शेवटी अंदाजपत्रक. कामं झाली हे खरंच, पण त्या गावाने शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि उसासारखी तहानलेली पिकं टाळण्याचा निर्णय घेतला, आणि पाऊस मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. व्यवस्थापन ते हे. तुमच्या गावाचा ताळेबंद मांडायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १०,००० लिटर पाणी. ५०० हेक्टरच्या शिवारात ५०० मिलिमीटर पडला तर २५ लाख घनमीटर. पण एवढं सगळं वापराला मिळतं असं धरू नका. मोठा हिस्सा बाष्प होऊन उडतो, पिकं आणि गवत पितात, काही शिवाराबाहेर वाहतं, काही मुरतं. हा वाटा वेगळा न दाखवता केलेला ताळेबंद मी परत पाठवतो.

पाण्याचा नमुना रविवारी घेणं

सुट्टी रविवारी म्हणून नमुना रविवारी, आणि प्रयोगशाळा बंद. बाटली घरच्या फ्रीजमध्ये पडून राहते. जैविक ऑक्सिजन मागणीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खर्च होतो हे सांगणारी बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते, आणि नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवावा लागतो. विरघळलेला ऑक्सिजन तर नदीकाठीच रसायन घालून स्थिर करायचा असतो. शीतपेयाच्या बाटलीत अर्धं पाणी आणि वर हवा घेऊन आलात तर हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो आणि गटारगंगासुद्धा स्वच्छ ठरते. प्रयोगशाळेशी आधी बोला, त्यांच्याकडूनच बाटल्या घ्या, सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाका. आकडा आला की कशाशी ताडायचा तेही आधी ठरवा. नदीत आंघोळीसाठीचा निकष म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त ३.

कायद्यांची सालं पाठ, परवानग्यांची खिचडी

उत्तरपत्रिकेत वन्यजीव, पाणी, हवा आणि पर्यावरण कायद्यांची सालं, १९७२, १९७४, १९८१, १९८६, बिनचूक असतात. पण एखाद्या खाणीला काय काय लागेल विचारलं की सगळं ‘एनओसी’ या एका शब्दात जातं. तीन वेगळे दरवाजे आहेत. पर्यावरण मंजुरी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली, केंद्राकडून किंवा राज्य प्राधिकरणाकडून. संमतीपत्र पाणी आणि हवा कायद्यांखाली, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून. वनजमीन असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली वेगळी मान्यता. या कायद्याचं नावही २०२३ मध्ये बदललं, तेव्हा सीनियरच्या जुन्या नोट्सवर विसंबू नका. किनारपट्टीचंही तसंच, २०११ ची अधिसूचना शिकून २०१९ च्या अधिसूचनेवरच्या प्रश्नाला उत्तर देऊ नका.

वर्षातून एक रजा एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधी होणाऱ्या जनसुनावणीसाठी राखून ठेवा. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते, प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अपर जिल्हादंडाधिकाऱ्याहून खालचा नसलेला प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. सारांश वाचून जा, मागच्या रांगेत बसा, कोण काय विचारतं आणि उत्तर काय मिळतं ते लिहून घ्या.

स्वतःच्या ऑफिसचीच माहिती, तीही न विचारता

ज्या खात्यात काम करता तिथली फाईल सहज हाताशी असते. वरिष्ठांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्यातला एकही आकडा अहवालात घालू नका. एका विद्यार्थ्याचा तयार प्रकल्प यामुळे अडला, कारण साहेब बदलले आणि नव्यांनी विचारलं, ‘हे तुम्हाला कुणी दिलं?’ दोन ओळींचा अर्ज आणि त्यावरची सही अहवालाच्या परिशिष्टात लावा.

फेअर केलेली वही

तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री बरेच जण नोंदी सुवाच्य अक्षरात नव्या वहीत उतरवतात आणि जुनी घरी ठेवतात. तसं करू नका. बाहेरून आलेले परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, हा आकडा कुणी मोजला, किती वाजता, तेव्हा ऊन होतं की ढग? चिखलाचे डाग पडलेल्या वहीत याचं उत्तर असतं. मोजमापाला जाताना शिसपेन्सिल घ्या, पावसात शाई पसरते. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहा, खोडरबर वापरू नका. त्या ताईंनी परीक्षेला तीच वही नेली होती. कठड्याच्या उंचीचा रकाना त्यांनी नंतर समासात आखला होता. परीक्षकांनी तो समास बोटाने दाखवून विचारलं, ‘हे का?’ त्या पुढची वीस मिनिटं बोलत होत्या.