सफरचंदाचा तुर्की चहा: ग्लास आधी गरम करा

सगळ्यात आधी ग्लास बाहेर काढा. इस्तंबूलच्या ग्रँड बझारात गालिचेवाले गिऱ्हाइकापुढे एल्मा चायी, म्हणजे सफरचंदाचा चहा, ठेवतात तो बिनकानाच्या, बारीक कमरेच्या, जेमतेम 100 मिलीच्या ग्लासात. मागच्या वेळी हेच ग्लास फडताळातून काढले नि थेट उकळता चहा ओतला. दोन तडकले, बाकीच्यांतला चहा बशीत ठेवेपर्यंत कोमट. म्हणून ग्लास गरम करायचे. आपले कटिंगचे जाड ग्लास असतील तर जास्तच, कारण जाड काच आतून तापते तेव्हा बाहेरून गारच असते आणि तिथेच चिरते.

बाजारात मिळणारी पूड बहुतेक साखर आणि सायट्रिक आम्लच असते, तुर्की लोक घरी काळा चहाच पितात, पर्यटकांना या पुडीचा चहा देतात. आपण खरी सफरचंदं घेऊ. सहा ग्लासांना मध्यम आकाराची तीन, आंबटसर. हिरवी मिळाली तर उत्तम. गोडच मिळाली तर लिंबू वाढवा. कोमट पाण्यात चोळून धुवा, वरचं मेण निघायला हवं, कारण साल काढायची नाही: रंग आणि वास दोन्ही सालीत. बिया मात्र काढा, कडवटपणा येतो. पातळ फोडी करा.

दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा. दालचिनीची पूड नको, गाळली तरी चहा बुळबुळीत लागतो. पातेलं स्टीलचं. ॲल्युमिनिअमला आंबट चालत नाही.

पाऊण लिटर पाण्यात सगळं घाला, उकळी आली की लगेच आच मंद करा आणि झाकण ठेवून वीस मिनिटं. खळाखळा उकळू देऊ नका! फोडींचा लगदा होतो, चहा गढूळ होतो, आणि मग तो कितीही वेळा गाळा, स्वच्छ होत नाही.

हे चाललेलं असताना ग्लास गरम करायचे. आधी कोमट, मग कडकडीत पाणी भरून ठेवा. हे आत्ताच. चहा गाळायला घेतल्यावर आठवून उपयोग नाही.

गाळा, पण गाळणीतल्या फोडी चमच्याने दाबू नका. आच बंद करून मगच अर्ध्या लिंबाचा रस, दोन चमचे साखर. चाखा. दूध अर्थातच नाही.

ग्लासातलं पाणी ओता, पुसा, प्रत्येकात चमचा ठेवून चहा ओता. कडेला बोटभर जागा सोडा, धरायला तेवढीच जागा असते. बशी, साखरेचे खडे, ट्रे. ग्लास गरम आहेत ना? मग न्या.