समुद्रातली लढाई ऑइलमध्ये रंगवायचीय? आधी धूर, जहाज शेवटी

शिडाच्या जहाजांची लढाई रंगवायला घेतली की सगळे पहिल्यांदा जहाजच काढतात, मीही तेच केलं, महिनाभर दोरखंड रंगवत बसलो आणि शेवटी जहाजं झाली झकास पण लढाईचा पत्ताच नाही, नुसतं पार्किंग केल्यासारखं दिसत होतं.

विषय म्हणून मी नॅव्हारिनोची लढाई सुचवेन. २० ऑक्टोबर १८२७, ग्रीसच्या किनाऱ्यावरचा उपसागर, एका बाजूला ब्रिटिश, फ्रेंच, रशियन आणि समोर तुर्की-इजिप्शियन आरमार. आपल्याला काय त्याचं? तर ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टन ज्या जहाजावर होता ते ८४ तोफांचं ‘एशिया’ आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडिया मंडळींच्या हाताखाली सागाच्या लाकडात बांधलेलं, १८२४ मध्ये पाण्यात उतरवलेलं. रेनेगल नावाचा चित्रकार लढाईच्या वेळी तिथे हजर होता, आयवाझोव्स्की या रशियन चित्रकाराने हीच लढाई १८४६ मध्ये रंगवली आणि लढाई झाली तेव्हा तो दहा वर्षांचा पोरगा होता, म्हणजे न बघताही जमतं, टेन्शन नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वारा. ब्रश उचलायच्या आधी कागदावर एक बाण काढा, वारा कुठून कुठे ते, आणि मग झेंडे, धूर, लोंबणारी शिडं सगळं त्याच बाणाचं ऐकणार. झेंडा डावीकडे आणि धूर उजवीकडे अशी चित्रं मी ढीगभर पाहिलीत. नॅव्हारिनोला वारा मंद होता आणि जहाजं नांगर टाकून लढली, म्हणजे फुगलेली शिडं काढायचा मोह आवरा, ती गुंडाळलेली किंवा सैल लोंबणारीच हवीत. आणि लाटा तर नकोतच, बंदिस्त उपसागर तो. ऑक्टोबरच्या दुपारी गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडा, बंदरातलं पाणी कसं सपाट, तेलकट, मळकट हिरवं दिसतं ते बघा, स्केचबुक न्या, फोटोवर विसंबू नका कारण फोटोत ते निळं येतं.

कॅनव्हास १८ बाय २४ इंची पुरे. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्खा कॅनव्हास पुसून घ्या, क्षितिज खालच्या एक तृतीयांशावर. मग धूर. तोफेच्या दारूचा धूर काळा नसतो हो, पांढुरका-राखाडी दाट असतो, काळा धूर फक्त जळत्या जहाजाचा. पांढऱ्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) उजेडाच्या बाजूला आणि अल्ट्रामरीन (गडद निळा)-अंबर सावलीला, चपट्या ब्रशने थापा आणि ओला असतानाच कडा कोरड्या ब्रशने विरघळवा. धूर पाण्याला चिकटून पसरलेला ठेवा, वर डोलकाठ्यांची टोकं तेवढी दिसू देत, बघणाऱ्याचं डोकं बाकीचं जहाज स्वतःच पूर्ण करतं.

जहाज एकच नीट काढा, ‘एशिया’. तोफांच्या खिडक्यांच्या दोन ओळी, आणि मागची डोलकाठी मोडून पडलेली, खरंच पडली होती ती. बाकीची जहाजं म्हणजे करड्या सावल्या. तोफेची ठिणगी तीन-चार ठिकाणीच, दिवाळी करू नका.

दोरखंड खालचा थर सुकल्यावर, शून्य नंबरच्या लांब केसाच्या ब्रशने. पहिले थर टर्पेंटाइनवाले, वरचे जवसाच्या तेलाचे, उलटं केलंत की पुढे तडे जातात. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, त्यामुळे पावसाळ्यात दमट बंद खोलीत आठवडे लागतात, पंखा लावा, घाई केलीत तर काळा दोर पांढऱ्या धुरात कालवला जाणार. व्हार्निश सहा महिने तरी नाही.

माझं पहिलं चित्र मी जूनमध्ये बाथरूमलगतच्या भिंतीला टेकवून लटकवलं आणि गणपतीपर्यंत मागे बुरशीचे ठिपके. तेव्हापासून फ्रेमच्या चारी कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवतो, हवा खेळते.

आणि हो, तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात टाकायच्या, आमच्याकडे जुना बिस्किटांचा डबा त्यासाठीच ठेवलाय.