मागे राहणाऱ्यांसाठी एक वही

माझे वडील गेले त्यानंतर तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आवराआवरीत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यातून एका पतसंस्थेची मुदत ठेवीची पावती निघाली. तिची मुदत संपून दीड वर्ष झाले होते. वडील अतिशय व्यवस्थित होते आणि प्रत्येक कागद त्यांनी जपून ठेवला होता. परंतु कोणता कागद कुठे आहे हे त्यांनी आईला कधी सांगितले नव्हते, आणि नवऱ्याला असे विचारणे म्हणजे त्याच्या जाण्याची वाट पाहण्यासारखे आहे, या समजुतीने आईनेही ते कधी विचारले नव्हते. त्या तीन वर्षांत आईने घातलेले हेलपाटे पाहिल्यावर मी आणि माझ्या पत्नीने मिळून घराची एक वही तयार केली. ती कशी करावी, हे पुढे लिहीत आहे.

वही कागदाचीच असावी, जाड पुठ्ठ्याची आणि शिवलेली, कारण मोबाइलमधील नोंद ज्याला हवी असते नेमके त्यालाच मोबाइलचे कुलूप उघडता येत नाही. एका विषयाला एक पान द्यावे आणि अर्धे पान पुढच्या बदलांसाठी कोरे सोडावे. लिहिताना दोघांनी शेजारी बसावे आणि ज्याला व्यवहार माहीत नाहीत त्याने पेन हातात घ्यावे. स्वतःच्या अक्षरात लिहिलेले लक्षात राहते आणि न समजलेला शब्द लिहिताना आपोआप अडतो. एका दिवसात सगळे उरकण्याचा आग्रह नको. आम्हाला चार रविवार लागले.

सुरुवात पासबुकापासून करावी. प्रत्येक खात्याच्या मागच्या तेरा महिन्यांच्या नोंदी ओळीने वाचाव्यात. तेरा अशासाठी की वर्षातून एकदाच होणारी कपातही त्यात सापडते. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडात ठरावीक काळाने जाणारी रक्कम (एसआयपी), लॉकरचे भाडे, शेअर्स ठेवण्याच्या डीमॅट खात्याचे शुल्क असे विस्मरणात गेलेले सारे व्यवहार त्या कपातींतून पुढे येतात. विशेषतः मे-जूनमध्ये 436 रुपये किंवा 20 रुपये वजा झालेले दिसले, तर तिथे थांबावे. पहिली रक्कम बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची असते आणि तिच्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात. दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची असते आणि तिच्यात अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. बँकेत कधीतरी एका अर्जावर सही केलेली असते, पुढे दरवर्षी पैसे आपोआप कापले जातात, आणि घरच्यांना पत्ताच नसल्यामुळे दावा करायचा राहून जातो. नोकरदारांनी भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा सदस्य क्रमांक, लिहून त्याच पानावर अशीही नोंद करावी की सदस्याचा सेवेत असताना मृत्यू झाल्यास निधी आणि निवृत्तिवेतन यांशिवाय ठेवसंलग्न विम्याचे 7 लाखांपर्यंत मिळू शकतात. लग्नाआधी भरलेले नामनिर्देशन लग्नानंतर नव्याने भरावे लागते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

यानंतर येतात कागद नसलेले व्यवहार, आणि माझ्या मते वहीतली सर्वांत मोलाची पाने हीच. कोणाला हातउसने दिले, कोणाकडून घेतले, भिशीचे किती हप्ते झाले आणि उचल झाली आहे की नाही, सोनेतारण कर्जात कोणते दागिने ठेवले आहेत, सोनाराकडे मासिक हप्ते चालू आहेत का, कोणाच्या कर्जाला आपण जामीन राहिलो आहोत, हे सारे लिहावे. जामीनकीचा उल्लेख लोक संकोचाने टाळतात आणि पुढे वसुलीची नोटीस दारात येते तेव्हा विधवेला ती पहिल्यांदा कळते. देणे लपवले म्हणजे घरच्यांना त्रास होणार नाही, हा समज चुकीचा आहे. माहीत असलेल्या देण्याची तजवीज करता येते. पतसंस्थांतील ठेवींचे पान वेगळे करावे, कारण बँकेतील ठेवींना असलेले 5 लाखांचे ठेवविमा संरक्षण पतसंस्थांना लागू नसते.

प्रत्येक खात्यापुढे नॉमिनी कोण, हे लिहावे. आठवणीवर विसंबू नये, पासबुकावर किंवा पावतीवर पाहून लिहावे. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेतील ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्केवारीने ठरवता येतो. लॉकरला मात्र एकानंतर दुसरा अशा क्रमानेच नावे देता येतात.

इथे आपल्या बोलीतला एक शब्द घात करतो. आपण सर्रास "खात्याला वारस लावला का?" असे विचारतो, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक नॉमिनीच्या हाती रक्कम देते आणि बँकेची जबाबदारी संपते. त्या रकमेवर हक्क कोणाचा, हे मृत्युपत्रावरून आणि ते नसेल तर वारसा कायद्यावरून ठरते. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही हेच लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेची स्थितीही याहून निराळी नाही. आयुर्विम्याचे नियम काहीसे वेगळे असल्याने पॉलिसीच्या पानावर त्याची विचारणा करून स्वतंत्र नोंद ठेवावी.

दुसरा गैरसमज असा की नवऱ्यामागे सगळे आपोआप बायकोचे होते. हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार मृत्युपत्र न करता पुरुषाचे निधन झाले, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटे मिळतात. म्हणजे एकट्याच्या नावावरच्या सदनिकेत मागे आई, पत्नी आणि दोन मुले असतील, तर पत्नीचा वाटा एक चतुर्थांश होतो. मुले अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असली, तर त्यांच्या वाट्यासह ती सदनिका विकायला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. कुटुंबात सलोखा असला तरी ही अडचण येतेच.

तिच्यावरचा उपाय म्हणजे मृत्युपत्र. या शब्दातच मृत्यू असल्यामुळे अनेक जण तो उच्चारायलाही कचरतात. त्यांनी इच्छापत्र म्हणावे, पण ते करावे. त्यासाठी मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो आणि नोंदणीही सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि ती पाहणाऱ्या किंवा तिची कबुली करणाऱ्याकडूनच ऐकणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य आहेत. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान आणि मिळकतीत काही न मिळणारे असावेत. भविष्यात वाद होण्याची शक्यता वाटत असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करणे आणि त्या सुमारास डॉक्टरांचा प्रकृतीचा दाखला घेणे शहाणपणाचे ठरते. गोव्यात राहणाऱ्यांनी तिथल्या वकिलालाच विचारावे, कारण तिथला वारसा कायदा वेगळा आहे आणि मुले, पत्नी असे हक्काचे वारस असताना साधारणतः निम्म्याच मिळकतीची व्यवस्था मृत्युपत्राने करता येते.

गावी जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींची नोंद) यांचे ताजे उतारे काढून त्यांवर कोणाची नावे आहेत ते पाहावे. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली आणि उताऱ्यावर नाव त्यांचेच, ही स्थिती इतकी सार्वत्रिक आहे की महाराष्ट्र सरकारला 2025 मध्ये जिवंत सातबारा मोहीम हाती घ्यावी लागली. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्यावा. एक पिढी चुकली की वारसांची संख्या वाढते, काकांच्या आणि आत्यांच्या मुलांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, आणि साध्या फेरफाराला, म्हणजे उताऱ्यावरचे नाव बदलायला, वर्षे जातात.

वहीत पिन आणि पासवर्ड लिहू नयेत. मोबाइलचे कुलूप उघडण्याची खूण एका बंद पाकिटात लिहून लॉकरमध्ये किंवा अत्यंत विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी, आणि ते पाकीट कुठे आहे एवढेच वहीत नोंदवावे.

वही पूर्ण झाली की एक महिना तिची तालीम करावी. घरातील ज्या व्यक्तीने आजवर व्यवहार पाहिले नाहीत तिने त्या महिन्यात वीजबिल भरावे, बँकेत जाऊन पासबुक छापून आणावे, विम्याच्या एजंटाशी स्वतः बोलावे, आणि दुसऱ्याने शेजारी बसून गप्प राहावे. हे गप्प राहणे मला फार अवघड गेले. परंतु बँकेतून पहिल्यांदा एकटी जाऊन आलेल्या माझ्या पत्नीने दुसऱ्या दिवशी स्वतःहून दोन प्रश्न विचारले, आणि त्यांतल्या एकाचे उत्तर मलाही ठाऊक नव्हते.

शेवटच्या पानावर, प्रसंग ओढवल्यास पहिल्या महिन्यात काय करावे, ते लिहावे. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी, दाखल्याच्या किमान दहा प्रती घ्याव्यात, आणि त्यावरील नाव आधार कार्डाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. गेलेल्या माणसाचा मोबाइल क्रमांक घाईने बंद करू नये, कारण बँकेचे आणि विम्याचे संदेश काही काळ त्यावरच येत राहतात. त्यांच्या एटीएम कार्डाने किंवा यूपीआयने पैसे मात्र काढू नयेत. मृत्यूनंतर तो अधिकार उरत नाही, आणि नंतर वारसांमध्ये पहिला संशय तिथूनच सुरू होतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्याच्या बाबतीत बँकेला लगेच कळवावे, नाहीतर जादा जमा झालेली रक्कम परत करावी लागते. जुन्या विसरलेल्या बँक खात्यांचा शोध रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर घेता येतो. दहा वर्षे हक्क न सांगितलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जात असली, तरी वारसांना ती बँकेमार्फत मागता येते.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे वहीपूजनाची रीत आहे. आम्ही त्याच दिवशी ही वही उघडतो आणि दोघे मिळून पाने तपासतो. बदललेली नोंद खोडरबराने पुसू नये आणि पान फाडू नये; तिच्यावर एक सरळ रेघ मारून खाली नवी नोंद तारखेसह लिहावी आणि दोघांनी सही करावी, म्हणजे बंद केलेले खाते केव्हा बंद झाले, हेही पुढे शोधावे लागत नाही.