रुग्णालयात संशोधनाची घडी बसत नाही? या चुका टाळा

रुग्णालयात संशोधन कक्ष सुरू झाला की सर्वांत आधी संख्याशास्त्राची कार्यशाळा होते. दोन दिवस पी-व्हॅल्यू शिकवतात, प्रमाणपत्रं वाटतात आणि सोमवारी वॉर्डात सगळं पूर्वीसारखंच. शिकवणाऱ्यांचा यात दोष नाही. शिकलेलं वापरायला कुणाकडे प्रश्नच नसतो. म्हणून आधी रात्रपाळीच्या सिस्टरना, फार्मासिस्टना, ड्रेसरना विचारा, कोणती गोष्ट वारंवार चुकते? सलाईनच्या जागी सूज येते, अँटिबायोटिकचा डोस उशिरा जातो, डिस्चार्जनंतर मधुमेही रुग्ण पुन्हा फिरकत नाहीत. यातला एकच प्रश्न घ्या आणि त्याला लागेल तेवढंच संख्याशास्त्र शिकवा.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खुपते. फॉर्म भरायचे सिस्टरनी आणि शोधनिबंधावर नावं फक्त डॉक्टरांची. याचा परिणाम नोंदींत दिसतो: सगळ्या रुग्णांचा श्वसनदर २०, न मोजताच! असं दिसलं तर कुणाला झापू नका. ही नोंद कशासाठी आहे हे सिस्टरना कुणी सांगितलंय का, ते बघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. ३९ गावांत त्या घरी जाऊन नवजात बाळांना तपासत, नोंद ठेवत आणि उपचारही करत. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नोंद करणारीच त्या नोंदीवरून पुढचं पाऊल ठरवत होती, म्हणून तिला ती नीट ठेवावीशी वाटत होती, असं मला वाटतं. वॉर्डातही हे जमतं. प्रश्न ठरवतानाच सिस्टरना बसवा, निष्कर्ष आधी त्यांना दाखवा आणि आखणीत, लेखनात वाटा असेल तर लेखकांत त्यांचं नाव घाला.

डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्या एकत्रित प्रशिक्षणाचंही असंच होतं. एमबीबीएसची मुलं पुढे, नर्सिंगच्या मुली मागे, मंचावर एक व्याख्याते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यात एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणं अपेक्षित आहे. त्यासाठी सभागृह नको, एक रुग्ण पुरतो. पक्षाघाताचा रुग्ण घ्या. त्याला बसतं कसं करायचं हे फिजिओथेरपिस्ट सांगेल, पाठीच्या जखमा कशा टाळायच्या हे सिस्टर, गिळता येत नसताना कोणती गोळी कुटून देऊ नये हे फार्मासिस्ट. चर्चा चालवायला विभागप्रमुख नकोत. ते बोलले की इंटर्न गप्प होतात.

नैतिकता समितीकडे माहिती गोळा करून झाल्यावर जाऊ नका, मागाहून मंजुरी मिळत नसते. ऑडिट (म्हणजे चालू कामाची तपासणी) आहे की संशोधन, असा संभ्रम असेल तर तोही समितीलाच सुरुवातीला विचारा. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीत, नोंदणी हवी.

आणि ‘वेळ काढून करा’ असं कृपा करून कुणाला सांगू नका. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईने तो वेळ झोपेतून काढायचा का? आठवड्याचे दोन तास ड्युटी लिस्टवर लिहा, त्या वेळी बदली माणूस द्या. माहितीही एका डॉक्टरच्या लॅपटॉपवर ठेवू नका, त्याची बदली झाली की प्रकल्प तिथेच थांबतो. काम रखडलं असेल तर संख्याशास्त्रज्ञाला फोन लावण्याआधी ती ड्युटी लिस्ट काढून बघा.