जंगलावर हवेतून किती नायट्रोजन पडतो, आपला आपण मोजायचा कसा

गाड्यांचा धूर, शेतातल्या युरियातून आणि गोठ्यातून उडणारा अमोनिया, या सगळ्यातला नायट्रोजन पावसाबरोबर जंगलावर पडतो. मग लोक म्हणतात, झाडांना फुकटचं खत मिळतंय, ती जोमात वाढणार, मग कार्बन जास्तच साठणार की! थांबा, आधी मोजू.

पाच लिटरचे दोन कॅन आणि १५ सेंमी तोंडाची दोन नरसाळी घ्या. एक कॅन मोकळ्यावर, दुसरा झाडांखाली, कारण पानांवर कोरडी बसलेली घाण पाऊस धुऊन खाली आणतो, ती मोकळ्यावरच्या कॅनमध्ये फारशी येत नाही. कॅनला काळं कापड गुंडाळा नाहीतर शेवाळ धरतं, नरसाळ्यावर जाळी लावा, आणि मोकळ्यावरच्या कॅनच्या वर फांदी नाही ना बघा, माझं पहिलं सॅम्पल एका कावळ्याने वाया घालवलं, विष्ठेत नायट्रोजन भरपूर असतो. साधारण २८० मिमीला कॅन भरतो, घाटात कधीकधी दोन दिवसांत, त्यामुळे रोज चक्कर मारा, पाऊस मिमीमध्ये लिहून ठेवा आणि सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवा. पहिल्या पावसाचं पाणी वेगळ्या बाटलीत काढा, त्यात हवेतलं सगळं एकदम उतरतं.

फिश टँकचं किट घेऊ नका, मी घेतलं, शून्य दाखवत बसलं, किट कमीत कमी जेवढं मोजू शकतं, पावसातलं प्रमाण त्याच्या खालीच असतं. सरळ लॅबला द्या आणि नायट्रेटसोबत अमोनियमही मागा (पावसातल्या नायट्रोजनची ही दोन मुख्य रूपं). नायट्रेटच्या आकड्याला ४.४३ ने भागायचं, अमोनियमला ०.७८ ने गुणायचं, बेरीज म्हणजे नायट्रोजन. ती गुणिले पाऊस मिमी, भागिले १००, की आला हेक्टरी किलो. समजा वर्षाला २५०० मिमी पाऊस आणि ती बेरीज लिटरला ०.४ मिग्रॅ, तर १० किलो. झाडांखालचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच आलाय असं धरा, काही नायट्रोजन पानंच शोषतात.

आता कार्बन. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून अनेक वर्षं, दर वर्षी हेक्टरी ५० आणि १५० किलो नायट्रोजन घालून बघितलंय. १५० किलोवर रुंद पानांची झाडं जोमात वाढली, पण शेजारचं पाइन मरत गेलं, म्हणजे डोस एकच आणि निकाल उलटे. मातीत मात्र कार्बन वाढला, कारण बुरशी कमी झाली आणि पालापाचोळा कुजायचा मंदावला. म्हणजे वाढलेला कार्बन दिसला तरी तो लाकडात आहे की न कुजलेल्या कचऱ्यात, हे विचारायचंच.

आपल्या सह्याद्रीत अजून एक भानगड आहे, जांभ्या मातीत फॉस्फरस लोहाला चिकटून बसतो, तोच कमी असेल तर नायट्रोजन कितीही येऊ दे, झाड वाढत नाही, उरलेला नायट्रेट होऊन कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन ओढ्यात जातो. तेव्हा पाण्यासोबत अर्धा किलो मातीही लॅबला द्या, शेतकरी करतात तेच माती परीक्षण.