नाशिकहून मुंबई विमानतळ: गाडीचा आकडा नको, माणशी हिशेब करा

हिशेबाआधी तिकीट उघडून विमानतळाचं नाव वाचा. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमानं सुटू लागली, तेव्हापासून 'मुंबईहून फ्लाइट आहे' एवढं सांगून भागत नाही. तिकिटावर बीओएम (BOM) म्हणजे जुना, अंधेरी-सांताक्रूझचा. एनएमआय (NMI) म्हणजे नवा, पनवेलजवळचा. बीओएममध्येही टर्मिनल 1 (टी-1) की टर्मिनल 2 (टी-2) ते बघा. पुढचे आकडे टी-2 चे, म्हणजे सहारचे आहेत.

आता हिशेब. रेल्वेचं तिकीट शंभराचं आणि गाडीवाला पाच हजार सांगतो, अशी तुलना करून काहीच हाती लागत नाही. कागदावर तीन तुकडे मांडा: घर ते नाशिकरोड किंवा बसस्थानक, तिथून मुंबई, आणि मुंबईत उतरल्यावर टर्मिनलच्या दारापर्यंत. पैसे बहुतेक वेळा तिसऱ्या तुकड्यात जातात आणि नेमका तोच धरायचा राहतो.

रेल्वेचं घ्या. पंचवटी एक्सप्रेसचं सेकंड सिटिंग शंभराच्या आसपास, एसी चेअर कार पावणेचारशेच्या आसपास. सिडको किंवा गंगापूर रोडहून नाशिकरोडला रिक्षा केली, तर तीच सेकंड सिटिंगच्या तिकिटाला मागे टाकते. दिवसा सिटीलिंकची शहर बस किंवा शेअर रिक्षा बघा. सामान कमी असेल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, ठाण्याला उतरा. तिथून लोकलने घाटकोपर (दहा रुपये), घाटकोपरहून मेट्रो-1 ने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो-3 मध्ये बदल आणि पुढचंच स्टेशन टी-2. ठाण्यापासूनचा हा सगळा प्रवास साधारण पन्नास रुपयांत होतो.

अडचण पैशांची नाही, गर्दीची. पंचवटी सकाळी दहाच्या सुमारास ठाण्याला पोहोचते, तेव्हा लोकलचा ऑफिस टाइम पुरता ओसरलेला नसतो. चाकांच्या दोन बॅगा घेऊन त्या डब्यात शिरायची हिंमत करू नका. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे तेही आदल्या दिवशी बघून ठेवा. मोठं सामान असेल तर ठाण्याहून रिक्षा करा: अंतर 20 ते 22 किलोमीटर, मीटर पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17.14, म्हणजे 345 ते 380 रुपये. हे फेब्रुवारी 2025 चे दर आहेत. रात्री 12 ते पहाटे 5 त्यावर पाव पट जादा. शिवाय रिक्षा वरच्या उन्नत रस्त्याने थेट प्रस्थानाच्या दाराशी जात नाही. खाली उतरून लिफ्ट घ्यावी लागते, त्यासाठी दहा मिनिटं हातात ठेवा. दादरला उतरलात तर रिक्षा मिळणारच नाही, काळी-पिवळी टॅक्सीच. ती 13 किलोमीटरला 270 च्या आसपास पडते, पण ट्रॅफिक सुटला नाही तर वेटिंगने वाढते. दादरला मेट्रो-3 चं स्टेशन आहे खरं, पण ते रेल्वेच्या पुलाला लागून नाही. पश्चिमेला बाहेर पडून रस्त्याने चालावं लागतं. 'दादरला मेट्रो आहे ना' म्हणणारे हा भाग सांगत नाहीत.

एसटीचा विचार घरात बायका आणि ज्येष्ठ असतील तर आधी करा. महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या प्रवाशांना अर्धं तिकीट, 75 च्या पुढे मोफत. मात्र बस विमानतळावर जात नाही. बोरिवलीची गाडी ठाण्याहून घोडबंदरकडे वळते, म्हणून ठाण्यालाच उतरा आणि वरचाच रिक्षाचा हिशेब लावा. नाशिकच्या द्वारका चौकातून दादरला जाणाऱ्या शेअर टॅक्सीत जागा मिळाली तर पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपरला सोडायला सांगता येतं. तिथून मेट्रोचं स्टेशन पलीकडे, पश्चिमेला आहे, छोटी रिक्षा करा. टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे विमानाच्या वेळेला ती टांगू नका.

खासगी गाडी ठरवताना 'किलोमीटरचा दर काय' एवढंच विचारून थांबू नका. विचारायचं असतं ते असं: किमान किती किलोमीटर धरणार (बहुतेक जण दिवसाला 300 धरतात), परतीचे रिकामे किलोमीटर माझ्या अंगावर का, चालकाचा भत्ता किती, टोल आणि पार्किंग कुणाचं. समजा दर 13 रुपये, जाऊन-येऊन 350 किलोमीटर: 4,550. भत्ता 400. टोल धरून साडेपाच हजारांच्या घरात. चौघांत वाटले तर माणशी चौदाशेच्या आत. एकेरी भाड्याची गाडी मिळाली तर बरंच खाली येतं, पण ती आयत्या वेळी रद्द होण्याची धास्ती राहते. पहाटेच्या फ्लाइटला ती नकोच.

स्वतःची गाडी कुणी सोडून परत आणणार असेल तर सोळाच्या मायलेजने 22 लिटर पेट्रोल, 104 च्या भावाने जवळपास 2,300, वर टोल. चौघांच्या एसी चेअर कारला 1,500, ठाण्याहून दोन रिक्षांना 750 (रिक्षात तिघंच बसतात), नाशिकच्या रिक्षांना 300, म्हणजे 2,550. दोन्ही जवळजवळ सारखंच! पाचवा माणूस चालक म्हणून मोफत आहे तोवरच. गाडी चार दिवस विमानतळावर उभी केलीत की हे गणित मोडलं.

टोलचं थोडं. ऑगस्ट 2025 मध्ये 3,000 रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास खासगी गाडीला राष्ट्रीय महामार्गावर 200 फेऱ्या किंवा एक वर्ष चालतो, समृद्धी महामार्गावर नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. 76 किलोमीटरला 2.06 च्या दराने साधारण 157 रुपये. इगतपुरीजवळ पिंपरी सदोला समृद्धीवर चढलात तर घोटीचा टोल वाचत नाही, कारण तो आधीच येतो. वाचतो तो कसारा घाट. पावसाळ्यात घाटात कंटेनर बंद पडला की दीड तास सहज जातो, तेव्हा हे पैसे खुशाल द्या. पुढे आमणे ते ठाणे मात्र सगळ्यांना एकाच रांगेत यावं लागतं.

पहाटेचं किंवा दुपारच्या आधीचं विमान असेल तर पंचवटी उपयोगाची नाही. मेट्रो-3 पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते. म्हणून रात्री ठाण्याला पोहोचणाऱ्या संध्याकाळच्या वंदे भारतने जाणाऱ्यांनीही ठाण्याहूनची रिक्षा हिशेबात धरावी. पहाटेसाठी रात्रीची गाडी करा, किंवा आदल्या रात्रीच्या रेल्वेने जाऊन पहाट टर्मिनलवर काढा. दोघांपर्यंत दुसरा पर्याय खूप स्वस्त पडतो. लहान मूल किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर गाडीच करा.

परतीची गाडी ठरवताना वेटिंग कधीपासून मोजणार ते लिहून घ्या: विमानाच्या ठरलेल्या वेळेपासून की ते प्रत्यक्ष उतरल्यापासून. विमान दोन तास उशिरा आलं की भांडण इथेच होतं.